उकळलेली बाटली आणि बाळाची संप्रेरके

गेल्या महिन्यात एक आजी नातवाला घेऊन दवाखान्यात आल्या. नातू साडेपाच महिन्यांचा, सर्दी किरकोळ. औषध लिहून देऊन मी पुढच्या पेशंटला बोलावणार, एवढ्यात आजींनी पिशवीतून एक दुधाची बाटली काढून टेबलावर ठेवली. जुनी, जाड, कडक प्लॅस्टिकची.

“याच्या बापाची आहे, डॉक्टर. माळ्यावर जपून ठेवली होती. सूनबाईची रजा पुढच्या महिन्यात संपतेय, तेव्हा हीच काढावी म्हटलं. आताच्या बाटल्या कसल्या, दाबल्या की चेपतात. तुम्ही तेव्हा सांगितलं होतं, रोज वीस मिनिटं उकळा. एक दिवस चुकवला नाही मी.”

त्यांचे खरे होते. १९९७ साली त्यांचा मुलगा तान्हा असताना मीच तसे सांगितले होते. दवाखाना नवीन होता आणि वरचे दूध सुरू करणाऱ्या प्रत्येक आईला हे वाक्य मी न विसरता ऐकवत असे. बाटली हातात घेऊन पाहिली. विकत घेतली तेव्हा ती काचेसारखी नितळ असणार. आता आतून धुरकट झाली होती आणि उजेडात धरल्यावर बारीक चिरांचे जाळे दिसत होते. माझाच जुना सल्ला असा टेबलावर येऊन बसला, म्हणून या आठवड्याचा विषय हा.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. उकळण्याचा सल्ला चुकीचा नव्हता. बाटलीच्या बुडाशी आणि निपलच्या खाचेत दुधाचा अंश अडकतो, त्यात जंतू वाढतात आणि बाळाला जुलाब लागतात. त्या काळी पावसाळ्यात टाळू बसलेली, डोळे खोल गेलेली बाळे दवाखान्यात वारंवार येत. विचारले तर बहुतेकांच्या घरी बाटली असे. जंतू मारायचे तर उकळणे हाच उपाय होता आणि आजही आहे. पण आपण नेमके काय उकळतो आहोत, हा प्रश्न तेव्हा माझ्या डोक्यात आला नाही.

अशा काचेसारख्या दिसणाऱ्या कडक बाटल्या बहुधा पॉलिकार्बोनेट नावाच्या प्लॅस्टिकच्या असत. बिस्फेनॉल-ए, थोडक्यात बीपीए, या रसायनाचे रेणू साखळीसारखे एकमेकांत गुंफून हे प्लॅस्टिक बनते. या साखळीत सगळेच रेणू पक्के बसत नाहीत. थोडे सुटे राहतात. शिवाय उष्णतेने, तीव्र साबणाने आणि घासण्याने साखळीच्या कड्याही तुटतात. सुटलेला बीपीए दुधात उतरतो. त्याचे प्रमाण अत्यल्प असते. नेहमीच्या अर्थाने विषबाधा व्हावी इतके मुळीच नसते. मग काळजी कशाची? हा रेणू आपल्या शरीरातील इस्ट्रोजेन या संप्रेरकाची थोडीफार नक्कल करतो, याची.

संप्रेरके म्हणजे हार्मोन्स. थायरॉइड, स्वादुपिंड, स्त्रियांचे बीजांडकोश, पुरुषांचे वृषण अशा ग्रंथी ती थेट रक्तात सोडतात. रक्ताबरोबर ती सगळीकडे फिरतात, पण काम करतात ती फक्त ज्या पेशीत त्यांच्या मापाचे कुलूप असेल तिथेच. किल्ली बसली की पेशी कामाला लागते. घरातील कोणाची थायरॉइडची तपासणी झाली असेल तर तो कागद काढून पाहा. तिथे नॅनोग्रॅम असा शब्द सापडेल. नॅनोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा अब्जावा भाग! काही संप्रेरके तर त्याच्याही हजाराव्या भागात, पिकोग्रॅममध्ये मोजावी लागतात. एवढ्याशा मात्रेवर मुलीला पाळी येते, मुलाला मिसरूड फुटते, गर्भाचा मेंदू आकार घेतो. म्हणून ‘प्लॅस्टिकमधून उतरून उतरणार तरी किती’ हा युक्तिवाद इथे पुरा पडत नाही. खोटी किल्ली कुलपात अर्धवट बसली, तरी एकतर भलत्या वेळी दार उघडते किंवा खऱ्या किल्लीची वाट अडते.

बीपीएचा हा गुण कंपन्यांना किंवा शास्त्रज्ञांना कालपरवा कळला असे वाचकांना वाटेल. तसे नाही. लंडनचे शास्त्रज्ञ चार्ल्स डॉड्स कृत्रिम इस्ट्रोजेनच्या शोधात होते. १९३६ मध्ये त्यांनी उंदरांच्या माद्यांवर प्रयोग करून बीपीए इस्ट्रोजेनसारखे काम करतो असे दाखवले. दोनच वर्षांनी त्यांच्या हाती डायइथिलस्टिलबेस्ट्रॉल, म्हणजे डीईएस, हे कितीतरी जोरकस रसायन लागले आणि बीपीए औषध होता होता राहिला. पुढे १९५० च्या दशकात पॉलिकार्बोनेटचा शोध लागला आणि औषध म्हणून मागे पडलेला हाच पदार्थ कारखान्यातून बाटल्यांमध्ये आला.

डीईएसची हकीकत मात्र मुद्दाम सांगण्यासारखी आहे. गर्भपात टळावा म्हणून अमेरिकेत १९४० च्या दशकापासून लाखो गरोदर स्त्रियांना ते देण्यात आले. १९५३ मध्ये शिकागोत झालेल्या चाचणीत त्याचा त्या कामी काही उपयोग नाही असे दिसले, तरी ते देणे सुरूच राहिले. (आम्हा डॉक्टरांची ही खोड जुनीच.) कोवळ्या वयाच्या मुलींमध्ये योनिमार्गाचा एक अत्यंत दुर्मिळ कर्करोग दिसू लागल्याचे बॉस्टनच्या डॉक्टरांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केले. आठ रुग्णांपैकी सात जणींच्या मातांनी त्या गरोदरपणात डीईएस घेतले होते. औषध आईने घेतले आणि आजार पंधरा-वीस वर्षांनी मुलीला झाला. बीपीए हा डीईएसपेक्षा फारच दुबळा आहे, त्यामुळे दोन्ही एका मापाने मोजू नयेत. परंतु गर्भातील आणि तान्हेपणातील काळ हा मोठ्यांच्या आयुष्यापेक्षा वेगळा असतो, हे डीईएसने डॉक्टरांना फार महाग किंमत घेऊन शिकवले.

आता आजींच्या धुरकट बाटलीकडे येतो. अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे पॅट्रिशिया हंट या संशोधिका उंदरांच्या बीजांडांवर काम करत होत्या. १९९८ मध्ये निरोगी उंदरिणींच्या बीजांडांत एकाएकी दोष वाढलेले दिसू लागले. गुणसूत्रांची वाटणी नीट होईना. बराच शोध घेतल्यावर कारण सापडले ते धुणीभांड्यात. एका कामगाराने उंदरांचे प्लॅस्टिकचे पिंजरे आणि पाण्याच्या बाटल्या चुकून फरशी धुण्याच्या तीव्र द्रावाने धुतल्या होत्या. प्लॅस्टिक खराब होऊन त्यातून बीपीए झिरपत होता. प्लॅस्टिक कोणते? पॉलिकार्बोनेट. हंट यांनी पुढे मुद्दाम प्लॅस्टिक खराब करून आणि उंदरिणींना थेट बीपीए देऊन पुन्हा प्रयोग केले. दोष तसेच दिसले. २००३ मध्ये हे प्रसिद्ध झाले. मी ते कितीतरी वर्षांनी वाचले आणि वाचताना मला घरोघरी राखेने, तारेच्या घासणीने घासून लख्ख केलेल्या बाटल्या आठवल्या.

“पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे,” असे कोणी म्हणेल. बरोबर आहे. माणसाला मुद्दाम बीपीए देऊन पाहता येत नाही, त्यामुळे माणसातला पुरावा उंदरांइतका पक्का नाही. अमेरिकेत २००३-०४ मध्ये अडीच हजारांहून अधिक लोकांची लघवी तपासली, तेव्हा शंभरातील सुमारे ९३ जणांच्या लघवीत बीपीए सापडला. २००८ मध्ये तिथल्याच एका अभ्यासात ज्यांच्या लघवीत तो जास्त, त्यांच्यात मधुमेह आणि हृदयविकारही जास्त असे आढळले. पण जो माणूस डबाबंद आणि पाकीटबंद खातो तो एरवीही कसे खातो, किती चालतो, हे वाचकांना वेगळे सांगायला नको. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही.

सरकारी तज्ज्ञांतही एकमत नाही. कॅनडाने २००८ मध्ये बाळांच्या बाटल्यांतून बीपीए हद्दपार करण्याचे जाहीर केले, युरोपने २०११ मध्ये केला. अमेरिकेने २०१२ मध्ये बाटल्यांसाठीची परवानगी काढून घेतली, पण ती कंपन्यांनीच वापर सोडला होता म्हणून. धोका सिद्ध झाला म्हणून नव्हे. २०२३ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने बीपीएची रोजची सुरक्षित मर्यादा एकदम वीस हजार पटींनी खाली आणली. जर्मनीच्या तज्ज्ञांनी ती मर्यादा मान्य केली नाही. तरीही २०२४ च्या डिसेंबरात युरोपने अन्नाला लागणाऱ्या बहुतेक सर्व वस्तूंत बीपीएवर बंदी घातली. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोने २०१५ मध्ये दूध पाजण्याच्या बाटल्यांसाठी पॉलिकार्बोनेट वापरू नये असे मानक केले. थोडक्यात, पंडित भांडत असले तरी बाळाच्या तोंडाजवळ ही वस्तू नको, यावर बहुतेकांचा हात वर आहे. माझाही आहे.

बीपीएचा एक भाऊबंद आहे, थॅलेट. पीव्हीसी हे प्लॅस्टिक मुळात कडक असते, त्याला मऊ करण्यासाठी थॅलेट घालतात. चिंध्यांच्या बाहुलीची जागा घेणारी मऊ खेळणी, रेक्झिन, काही नळ्या, शिवाय अनेक सुगंधी प्रसाधने यांत ती असतात. ती पुरुष-संप्रेरकाच्या आड येतात, असे प्राण्यांत चांगले सिद्ध झाले आहे. २०११ मध्ये तैवानमध्ये तर मोठा गहजब झाला. सरबते आणि पेये दाट दिसावीत म्हणून वापरायच्या द्रव्यात व्यापाऱ्यांनी स्वस्त म्हणून चक्क थॅलेट मिसळले होते. सलाईनच्या नळीत आणि रक्ताच्या पिशवीतही थॅलेट असू शकते. हे वाचून कोणी रक्त घेण्यास नकार देऊ नये! रक्ताची गरज असलेल्या माणसाला रक्त न मिळण्याचा धोका फार मोठा आहे.

आता रोजच्या व्यवहाराचे. २००८ मध्ये अमेरिकेतील सिनसिनाटी येथे पॉलिकार्बोनेटच्या बाटल्यांत उकळते पाणी घालून पाहिले, तर बीपीए थंड पाण्यापेक्षा १५ ते ५५ पट वेगाने सुटला. उष्णता हा पहिला शत्रू. दुसरे तेल-तूप, कारण यातली बरीच रसायने पाण्यापेक्षा स्निग्ध पदार्थात सहज उतरतात. तिसरा काळ, जितके जास्त दिवस ठेवाल तितके जास्त. या तिन्ही गोष्टी आपल्याकडे एकत्र कुठे येतात ते पाहा. गाड्यावरचा उकळता चहा पातळ पिशवीत ओतून वर रबर लावून कचेरीत नेतात. मिसळीचा तर्रीदार रस्सा, गरम सांबार, तळणीतून काढलेली भजी, सगळे पिशवीतच. राज्यात २०१८ पासून अशा पिशव्यांवर बंदी आहे, पण गाड्यावर त्या आजही लटकलेल्या दिसतात. या पिशवीत बीपीए असेलच असे नाही. पण स्वस्त पिशवी कोणत्या मालापासून बनली, त्यात रंग कोणता, काय काय पुन्हा वितळवले आहे, हे ना चहावाल्याला ठाऊक ना तुम्हाला. चहा आणायला शिपायाबरोबर किटली किंवा थर्मास द्यावा. पूर्वी देतच होतो.

कागदी कप निर्धास्त, असेही समजू नये. त्याला आतून प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा असतो. खरगपूरच्या आयआयटीत २०२० मध्ये दिसले की, असा कप गरम द्रवाने भरून पंधरा मिनिटे ठेवला तर शंभर मिलिलिटरमध्ये प्लॅस्टिकचे सुमारे २५,००० सूक्ष्म कण उतरतात. काचेचा ग्लास विसळून मिळत असेल तर तो बरा. आणि भजी कागदात बांधण्याबद्दल एक वाक्य: हे वर्तमानपत्र वाचण्यासाठी आहे, त्याची शाई पोटात जाण्यासाठी नाही. अन्न वर्तमानपत्रात बांधण्यास २०१८ च्या नियमांनी मनाई आहे.

घरात लोणच्याकडे लक्ष द्यावे. तेल, आंबटपणा, मीठ आणि वर्षभराचा मुक्काम, असा योग दुसऱ्या कुठल्याच पदार्थात नाही. चिनी मातीच्या बरण्या अडगळीत गेल्या आणि त्या जागी बाजारातून आलेले रिकामे प्लॅस्टिकचे डबे आले. बरणी पुन्हा खाली काढावी, नाहीतर काचेची घ्यावी. मुलांच्या शाळेच्या डब्यात गरम भाजी भरायची तर डबा स्टीलचा हवा. मायक्रोवेव्ह असेल त्यांनी त्यात प्लॅस्टिकचे भांडे ठेवू नये, डब्यावर काहीही छापलेले असो. ‘बीपीए फ्री’ या शिक्क्यालाही फार भुलू नये. बऱ्याच ठिकाणी बीपीएच्या जागी बीपीएस हा त्याचाच सख्खा नातेवाईक वापरतात आणि त्याचे गुणही फारसे वेगळे नसल्याचे दिसले आहे.

धान्य, साखर, कडधान्य असा कोरडा माल डब्यात असेल तर झोप उडवून घेऊ नये. दुधाची पिशवी थंड असते, काही तासांत रिकामी होते. फक्त गोठलेली पिशवी गरम पाण्यात सोडू नये. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीबद्दल अनेक जण विचारतात. तिचे प्लॅस्टिक वेगळे असते, त्यात बीपीए लागत नाही. टाकी झाकलेली आणि धुतलेली आहे का, याची चिंता आधी करावी. पाण्याचे निळे, पारदर्शक, कडक जार मात्र पुष्कळदा पॉलिकार्बोनेटचे असतात. ते उन्हात टेम्पोवर तासन् तास उभे असतात, म्हणून माझ्या घरी मी माठ ठेवला आहे.

एवढे सांगून आजींना वाटले असेल की डॉक्टर घाबरवत आहेत. पण यातला दिलासा देणारा भागही तितकाच खरा आहे. बीपीए शरीरात साठून राहत नाही. पोटात गेलेला बहुतेक सगळा एका दिवसात लघवीवाटे निघून जातो. आपल्या लघवीत तो कायम सापडतो, कारण आपण तो रोज नव्याने घेत असतो. २०११ मध्ये सॅन फ्रान्सिस्को भागातील पाच कुटुंबांना तीन दिवस डबाबंद आणि प्लॅस्टिकमधले काहीही न देता ताजे अन्न दिले. तेवढ्यात त्यांच्या लघवीतील बीपीए सरासरी दोन तृतीयांशाने घटला. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात उलटे करून पाहिले. पंचाहत्तर जणांनी पाच दिवस रोज एकदा डबाबंद सूप घेतले, तर त्यांच्या लघवीतला बीपीए दहा पटींहून जास्त वाढला. महागडी औषधे, ‘विषारी द्रव्ये बाहेर काढणारे’ काढे यांची इथे काहीच गरज नाही. रोजचा पुरवठा थांबवला की पुरे.

दवाखान्यात हल्ली थायरॉइडच्या आणि पाळी अनियमित असलेल्या मुलींच्या आया विचारतात, “प्लॅस्टिकमुळेच झालं का हो हिला?” एका मुलीपुरते याचे उत्तर कोणताही डॉक्टर देऊ शकत नाही. वजन, घराण्यातील आजार, आयोडीन, जागरण, अशी दहा कारणे असतात. थायरॉइडची गोळी बंद करून नुसत्या स्टीलच्या बाटलीने पाणी पिणे हा उपचार नव्हे. गोळी चालू ठेवावी, बाटलीही बदलावी. गरोदर स्त्री घरात असेल तर मात्र वरच्या गोष्टी त्या नऊ महिन्यांत आणि पुढची दोन वर्षे अधिक कसोशीने पाळाव्यात.

सगळे ऐकून झाल्यावर आजी थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “मग याच्या बापाचं काय हो? दीड वर्ष पाजलं मी त्याला यातून.”

खरे सांगतो, हा प्रश्न येणार हे मला बाटली पाहताक्षणी कळले होते. मी त्यांना म्हटले, “आजी, ते सगळं तेव्हाच्या तेव्हा निघून गेलं. मुलगा तुमचा धडधाकट आहे, त्याला मूलबाळ झालं. तेव्हा त्याच्या शरीरात काही कमी-जास्त झालं का, हे आता सांगणारी तपासणी नाही, आणि तुम्ही ती शोधतही बसू नका. उकळलीत म्हणून तो पावसाळ्यात जुलाबाने सुकला नाही, हेही खरं. चूक असेल तर सांगणाऱ्याची, करणाऱ्याची नाही.” त्या हसल्या नाहीत, पण त्यांनी मान डोलावली.

सूनबाईला दुसऱ्या दिवशी बोलावून घेतले. सहा महिन्यांनंतर बाळाला मऊ भात, वरण, नाचणीची पेज असे वरचे अन्न सुरू होईलच, त्यामुळे दिवसभर दूधच हवे असे नाही. कामावर जाण्यापूर्वी आणि आल्यावर अंगावर पाजावे. मधल्या वेळेसाठी स्वतःचे दूध स्वच्छ हाताने स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात काढून फ्रिजमध्ये ठेवावे. बाहेर ठेवले तर चार तासांच्या आत संपवावे, उन्हाळ्यात त्याच्याही आधी. कोमट करायचे तर वाटी गरम पाण्यात ठेवावी, दूध विस्तवावर उकळू नये. पाजायचे वाटी-चमच्याने. बाटलीची मुळात गरजच नाही. १९९२ च्या कायद्याने देशात दुधाच्या बाटल्यांची जाहिरात करण्यास बंदी आहे ती उगाच नव्हे. वाटी-चमचा उकळणे सोपे, त्यात कोपरे नाहीत आणि बीपीएही नाही. अगदीच बाटली लागली तर काचेची किंवा स्टीलची घ्यावी. हल्लीच्या दुधी रंगाच्या, पॉलिप्रॉपिलीनच्या बाटल्यांत बीपीए नसतो; पण डब्लिनच्या संशोधकांना २०२० मध्ये त्यातूनही गरम पाण्याबरोबर प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण उतरताना दिसले. पावडरचे दूध द्यावेच लागले तर ते स्टीलच्या भांड्यात कालवून, कोमट झाल्यावरच बाटलीत ओतावे.

आजी यावर म्हणाल्या की आमच्या सासूबाईंचे चांदीचे बोंडले घरात आहे. मी म्हटले, उत्तम, फक्त त्याची चोच आतून नीट घासून, उकळून घ्या. तिथे दूध अडकते. जुनी बाटली त्यांनी परत पिशवीत घातली. टाकून द्यायला मन होत नाही, तिच्यात मोहरी ठेवीन म्हणाल्या. कोरडी मोहरी, सावलीची फळी. मी हरकत घेतली नाही.